सत्काराच्या आधीचं काम: पाळकांना आधार देण्याची रीत, टप्प्याटप्प्याने

पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आधार द्यायचा असं मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, ठरलं की बहुतेक ठिकाणी सगळ्यांत आधी सत्कार ठरतो. तारीख निघते, वर्गणी जमते, भाषणं होतात. सोमवारी सकाळी पाळकसाहेबांच्या टेबलावर तीच कामं, तीच गाऱ्हाणी आणि पाळकगृहाच्या गळक्या छपराबद्दलचा तोच जुना अर्ज पडलेला असतो. मंडळीला वाटतं, आपण कर्तव्य केलं. पाळकांना कळत नाही की एवढं कौतुक होऊनही थकवा का जात नाही.

इथे प्रेम कमी पडत नाही, क्रम चुकतो. बायबलमधलं निर्गम १७:१२ पुन्हा वाचा. लढाई चालू असताना वर उचलून धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा त्याच्यासाठी आधी दगड आणला, त्यावर त्याला बसवलं, आणि मग त्याचे सोबती अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी हात धरले. बसायची सोय पहिली, हाताला आधार नंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत: ओझं बघायचं, गाऱ्हाण्यांना वाट काढायची, कामं उतरवायची, पगार आणि सुट्टी नीट करायची, आणि कौतुकाचे शब्द त्यानंतर. घाईघाईने शेवटच्या टप्प्यावर उडी मारलीत तर तुमचे शब्द खरे असूनही पोकळ वाटतील.

एक खुलासा. काही परंपरांत पाळकांची नेमणूक आणि बदली बिशप किंवा वरची समिती करते, काही ठिकाणी मंडळी स्वतः करते. पगाराचे अधिकारही त्याप्रमाणे बदलतात. म्हणून पुढे जिथे ‘कमिटी’ म्हटलं आहे तिथे तुमच्या चर्चच्या घटनेप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) ज्यांना तो अधिकार आहे ते समजा, आणि सुरुवात करण्याआधी ती घटना एकदा प्रत्यक्ष उघडून वाचा.

## टप्पा १: छोटा गट नेमा

या आधारगटात तीन ते पाच माणसं पुरतात. सात झाली की बैठका सुरू होतात आणि काम थांबतं. गटात किमान एक स्त्री, एक तरुण आणि एक असा माणूस हवा जो बोलतो कमी आणि ठरलेलं करतो जास्त.

कोण नको, हे जास्त महत्त्वाचं आहे. पाळकांचे नातेवाईक नकोत. ज्यांचा एखादा अर्ज, वाद किंवा दाखला पाळकांकडे अडकला आहे ते नकोत. आणि ‘मी पाळकसाहेबांचा खास माणूस’ असं मिरवणारा तर अजिबात नको. हा माणूस मनाने चांगला असतो, पण सहा महिन्यांत तो दारावरचा पहारेकरी होतो. पाळकांपर्यंत काय जायचं आणि काय नाही हे तोच ठरवू लागतो, आणि बाकीची मंडळी पाळकांवरच नाराज होते.

कमिटीच्या ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: गटाचं काम काय, मुदत किती (एक वर्ष ठीक), आणि गटाने कशात पडायचं नाही. शेवटच्या मुद्द्यात स्पष्ट लिहा की हा गट पाळकांच्या कामाचं मूल्यमापन करणार नाही. ज्या माणसासमोर मन मोकळं करायचं तोच उद्या गुण देणार असेल, तर कुणीही मन मोकळं करत नाही.

तपासा: गटातली नावं जाहीर होण्याआधी पाळकांना दाखवली का? एखादं नाव कारण न सांगता नाकारण्याची मुभा त्यांना दिली का?

## टप्पा २: विचारण्याआधी बघा

निर्गम १८ मध्ये इथ्रो आपल्या जावयाकडे येतो तेव्हा लगेच सल्ला देत नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्यायनिवाडे करत बसतो, ते तो पाहतो. मग विचारतो की तू हे काय करतोस, एकटाच का बसतोस. आणि त्यानंतर सांगतो की असं केलंस तर तूही थकशील आणि हे लोकही थकतील.

तुम्हीही दोन आठवडे फक्त बघा. गटातल्या प्रत्येकाने आपापल्या वहीत पाळकांची दिसलेली कामं लिहायची. उपदेश, बायबल अभ्यास, आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी, विवाहापूर्वीचं समुपदेशन ही कामं सगळ्यांना ठाऊक असतात. वहीत मात्र आणखी बरंच उतरतं: चर्चचं दार उघडणं, मायक्रोफोन बिघडला तर दुरुस्तीवाला शोधणं, बाप्तिस्मा आणि विवाहाच्या रजिस्टरांतून जुन्या नोंदी काढून देणं, गायकवृंदातली भांडणं मिटवणं, खुर्च्या मोजणं, वीजबिलाची शेवटची तारीख लक्षात ठेवणं. त्यात रात्री अकराला येणारे फोन वेगळेच.

पाळकांना स्वतःच्या कामाचा तक्ता भरायला सांगू नका. हेतू कितीही चांगला असला तरी ते तपासणीसारखं वाटतं, आणि त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम चढतं.

दोन आठवड्यांनी वह्या एकत्र करा आणि प्रत्येक कामापुढे एक खूण करा: ‘पाळकांनीच करायचं’, ‘कुणीही करू शकेल’, ‘शिकवलं तर दुसरा करेल’. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये वाढपाच्या कामासाठी सात जण निवडले गेले, ते प्रेषितांना (येशूच्या प्रमुख शिष्यांना) प्रार्थना आणि वचनाच्या सेवेसाठी मोकळीक मिळावी म्हणून. तुमच्या यादीतली दुसरी आणि तिसरी खूण म्हणजे तीच जागा.

## टप्पा ३: नीट विचारा

‘काही लागलं तर सांगा, पाळकसाहेब.’ मंडळीत सर्वाधिक बोललं जाणारं आणि सगळ्यांत कमी उपयोगाचं हे वाक्य आहे. त्याला उत्तर ठरलेलं असतं: ‘प्रभूच्या कृपेने सगळं ठीक आहे.’ मागणं हे पाळकांना अवघड जातं, कारण आयुष्यभर ते इतरांच्या मागण्या ऐकत आलेले असतात. त्यातून पगार, सुट्टी, घर असले विषय स्वतःहून काढले तर लोक ‘सेवा की नोकरी’ असं म्हणतील ही भीती असते.

म्हणून जायचं ते ठरवून. दोघांनी जा, पाच जणांनी नको. उपासना संपल्यावर व्हेस्ट्रीच्या (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीच्या) दारात विचारू नका. आठवड्यातला शांत दिवस निवडा आणि आधी कळवून जा. काय विचारणार आहोत तेही आधी सांगा, म्हणजे त्यांना विचार करायला वेळ मिळेल.

प्रश्न असे असू द्या, ज्यांना ‘ठीक आहे’ हे उत्तर चालणार नाही:

- येत्या महिन्यात कोणतं एक काम तुमच्याकडून निघालं तर सगळ्यांत जास्त मोकळं वाटेल?
- सलग दोन दिवस फोन बंद ठेवून विश्रांती शेवटची कधी घेतलीत?
- उपदेशाच्या तयारीसाठी ठेवलेला वेळ सहसा कशात जातो?
- घरात अशी कोणती अडचण आहे जी कमिटीकडे सांगितली, पण पुढे काहीच झालं नाही?
- तुमच्यासाठी नेमकी कशाबद्दल प्रार्थना करू?
- आम्ही मदत म्हणून करतो, पण तुम्हाला त्याचा त्रास होतो, असं काही आहे का?

शेवटचा प्रश्न गाळू नका. पहिल्या भेटीत त्याचं उत्तर कदाचित मिळणार नाही. तिसऱ्या भेटीत मिळेल.

समोर बसून वहीत लिहू नका. बाहेर आल्यावर दोघांनी मिळून टिपा. आणि आठ दिवसांच्या आत निदान एका गोष्टीचं उत्तर घेऊन परत जा, मग ते ‘हे आम्हाला जमणार नाही’ असं का असेना. विचारून गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

सावध: त्या भेटीत कळलेली खासगी गोष्ट प्रार्थनाविनंती म्हणून मंडळीत फिरवू नका. ‘पाळकांच्या घरच्या परिस्थितीसाठी विशेष प्रार्थना करा’ एवढ्या एका ओळीनेही तर्कवितर्क सुरू होतात. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, हे पाळकांना विचारूनच ठरवा.

## टप्पा ४: गाऱ्हाण्यांना वाट काढून द्या

कामाचा डोंगर माणूस उपसतो. आठवडाभर कानांवर पडणारी कुजबुज मात्र पोखरते. म्हणून कामं वाटून घेण्याआधी हा टप्पा येतो.

मंडळीत तक्रारी असणारच, आणि काही योग्यही असतात. प्रश्न त्या कधी, कुठे आणि कशा पोचतात याचा आहे. उपासना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना कुणीतरी येऊन सांगतं, ‘लोक म्हणताहेत की…’. पाळकांनी त्याच मनःस्थितीत उभं राहून देवाचं वचन सांगायचं असतं. कमिटीने ठरवून, जाहीर करून, हे चार नियम लावावेत:

१. रविवारी उपासनेआधी आणि उपासना संपल्यावर लगेच पाळकांकडे तक्रार न्यायची नाही.

२. ‘लोक म्हणतात’ हे ऐकून घ्यायचं नाही. कोण म्हणतं, कोणत्या प्रसंगाबद्दल, आणि काय व्हावं असं त्यांना वाटतं, एवढं सांगता आलं तरच पुढे.

३. निनावी पत्र आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची टोमणेबाजी यांवर चर्चा नाही. त्यात गुन्ह्याची किंवा कुणाला इजा होत असल्याची माहिती असेल तर गोष्ट वेगळी. ती निनावी असली तरी तपासावीच लागते.

४. किरकोळ नाराजी असेल तर आधी समोरासमोर, एकांतात बोलायचं. मत्तय १८:१५ चा क्रम तोच आहे.

गटातला माणूस कुजबुज ऐकतो तेव्हा त्याने पाळकांचा वकील व्हायचं नाही. ‘तुम्ही त्यांच्याशी बोललात का? एकटं बोलायला अवघड वाटत असेल तर मी सोबत येतो,’ एवढंच म्हणायचं. निम्मी कुजबुज तिथेच विरते, कारण बोलणाऱ्याला उत्तर नको असतं, श्रोता हवा असतो.

आता एक इशारा, आणि हा हलक्याने घेऊ नका. १ तीमथ्य ५:१९ म्हणतं की दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय वडिलांविरुद्धचा (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांविरुद्धचा) आरोप दाखल करून घेऊ नये. पण पुढचंच वचन पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दाखवायला सांगतं. पहिलं वचन ढाल म्हणून वापरायचं आणि दुसरं विसरायचं, हा आधार नव्हे. पैशांची अफरातफर, लैंगिक गैरवर्तन, मुलांशी किंवा असहाय माणसांशी दुर्व्यवहार अशी गोष्ट पुढे आली तर आधारगटाने ती आपापसांत ‘मिटवायची’ नाही. मुलाला किंवा पीडित व्यक्तीला आधी सुरक्षित करा, मग वरिष्ठ चर्च अधिकाऱ्यांकडे आणि कायदा सांगतो तिथे पोलिसांकडे जा. पीडितेला ‘पाळकांची सेवा वाचवा’ म्हणून गप्प बसवणारे लोक स्वतःला निष्ठावंत समजतात. त्यांनी मंडळीचं आणि बहुधा त्या पाळकांचंही सगळ्यांत मोठं नुकसान केलेलं असतं.

## टप्पा ५: कामं उतरवा, आणि उतरलेली परत चढू देऊ नका

टप्पा २ मधली यादी काढा. ‘कुणीही करू शकेल’ या खुणेची कामं आधी घ्या. एकदम दहा नकोत, तीन घ्या.

प्रत्येक कामासाठी एक माणूस, एक पर्यायी माणूस आणि सुरुवातीची तारीख लिहा. ‘तरुण संघ बघेल’ असं लिहू नका. संघ बघत नाही, त्यातला एखादा बघतो, आणि तो कोण हे कुणालाच ठाऊक नसतं.

मग त्या कामाची सामग्री हातात द्या: किल्ल्या, फोन नंबर, पासवर्ड, मागच्या पावत्या, खर्चाची मर्यादा. इथेच बहुतेक मंडळ्या घसरतात. काम एकाकडे जातं, पण किल्ली पाळकांकडेच राहते. किंवा कामासोबत निर्णय घ्यायचा अधिकार जात नाही, म्हणून नेमलेला माणूस दर दोन दिवसांनी फोन करतो: ‘पाळकसाहेब, खुर्च्या कोणत्या रंगाच्या आणू?’ असं काम उतरलेलं नसतं. त्यात फक्त एक मध्यस्थ वाढलेला असतो. अमुक रकमेपर्यंत आणि अमुक बाबतीत स्वतः ठरवायचं, असं त्या माणसाला लेखी द्या.

‘शिकवलं तर दुसरा करेल’ या खुणेत बहुधा आजाऱ्यांच्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या भेटी येतात. त्या उतरवताना हळू चला. पहिल्या दोन भेटींना पाळकांसोबत जा, नंतरच्या दोन भेटी तुम्ही घ्या आणि पाळकांना कळवा, मग स्वतंत्रपणे जा. आणि घराघरात आधी सांगा की हे लोक पाळकांनी पाठवलेले आहेत. नाहीतर ‘पाळक आता आमच्याकडे फिरकत नाहीत’ ही नवी तक्रार तयार होईल.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, मरणाच्या दारी असलेल्याची भेट, एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, उपदेशाचा विषय. मदतीच्या नावाखाली व्यासपीठावर हक्क सांगणारे काही जण असतात. ते कोण, हे तुमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक असतं.

तपासा, एका महिन्याने: उतरवलेल्या कामाबद्दल पाळकांना अजून किती फोन जातात? जात असतील तर माणूस बदलण्याआधी त्याला दिलेला अधिकार तपासा.

आणखी एक अडचण पाळकांकडूनच येते. काही पाळकांना काम सोडवत नाही. दिलेलं काम ते स्वतःच गुपचूप करून टाकतात. त्यांना दोष देऊ नका. ‘हे तीन महिने आम्हाला चुकू द्या, मग बोलू’ असं सांगा आणि खरोखर तीन महिने थांबा.

## टप्पा ६: पगार, सुट्टी, घर

हा विषय मंडळीत सगळ्यांना नकोसा असतो, म्हणून तो शेवटी ढकलला जातो आणि मग राहूनच जातो. बायबलला मात्र याची लाज वाटत नाही. गलती ६:६, १ करिंथ ९:१४, १ तीमथ्य ५:१७-१८ ही तिन्ही वचनं सरळ बोलतात. तिसऱ्यात तर मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी घालू नये हा जुना नियम पुन्हा सांगून कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे, असं म्हटलं आहे. ‘पाळकांनी विश्वासाने जगावं’ म्हणणाऱ्यांनी आपला पगार एक महिना उशिरा घेऊन बघावा.

पगाराबद्दल चार गोष्टी करून घ्या.

तारीख ठरवा, आणि त्या महिन्याच्या दानावर ती अवलंबून ठेवू नका. दान कमी आलं तर आधी इतर खर्च थांबेल, हे कमिटीने लिहून ठेवावं.

दरवर्षी ठरलेल्या महिन्यात पगाराचा आढावा घ्या, पाळकांनी विषय न काढता. चर्चा चालू असताना त्यांना खोलीबाहेर ताटकळत बसवू नका. आधी कळवा, निर्णय झाल्यावर त्याच दिवशी सांगा.

प्रवास, फोन, पुस्तकं, प्रशिक्षण हा सेवेचा खर्च आहे. तो पगारातून जात असेल तर कागदावरचा पगार खरा नाही. वेगळी तरतूद करा. प्रेषित पौल तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो तेव्हा त्रोवस शहरात राहिलेला झगा आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं, घेऊन यायला सांगतो (२ तीमथ्य ४:१३). शेवटच्या दिवसांतही त्याला वाचायला हवं होतं.

आजारपण आणि निवृत्ती यांची सोय आहे का, हे विचारा. पाळकगृहात राहणाऱ्या पाळकांना निवृत्तीनंतर घर नसतं, ही गोष्ट मंडळीच्या लक्षात निरोप समारंभाच्या दिवशी येते. तोवर वीस वर्षं उलटलेली असतात. कर आणि निवृत्तिवेतन यांचे नियम जागेप्रमाणे बदलतात, म्हणून हिशोब जाणणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.

आता सुट्टी. आठवड्याचा एक वार ठरवा आणि तो सूचनाफलकावर लावा. त्या दिवशी फोन कोण घेणार त्याचं नाव आणि नंबर सोबत लिहा. कोणत्या प्रसंगी सुट्टी मोडायची हेही लिहा: मृत्यू, अपघात, आत्महत्येची भीती, घरातली हिंसा. यादी एवढीच. दाखल्यावर सही, सभेची वेळ, मुलाच्या नावाची चिठ्ठी हे उद्यापर्यंत थांबू शकतं. येशूनेही शिष्यांना रानात एकान्ती येऊन थोडा विसावा घ्या असं सांगितलं (मार्क ६:३१), आणि तेही जेवायलासुद्धा सवड होत नव्हती अशा वेळी.

वार्षिक रजेचं म्हणाल तर बदली उपदेशक शोधणं हे कमिटीचं काम, पाळकांचं नव्हे. त्या उपदेशकाचं मानधन मंडळीने द्यायचं. सुट्टीवर जाण्याआधी पाळकांना स्वतःच चार रविवारांची सोय लावावी लागत असेल, तर त्या सुट्टीचा अर्धा आराम आधीच खर्च झाला.

घराची दुरुस्ती हा वेगळा मुद्दा. वर्षातून एकदा गटातल्या दोघांनी पाळकगृहात जाऊन (वेळ ठरवून, न सांगता नव्हे) नळ, छप्पर, वीज, दारं यांची यादी करावी आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख लिहावी. ‘आम्हाला त्रास द्यायचा नव्हता’ म्हणून पाळकांच्या घरच्यांनी दोन पावसाळे बादल्या लावलेल्या असतात.

सावध: व्यक्तिगत पाकिटं. कुणी प्रेमाने देतं, पण देणारा मोठा असेल तर पुढे त्या कुटुंबातल्या वादात पाळकांना बोलणं कठीण होतं. मोठी भेट खजिनदारामार्फत, देणाऱ्याचं नाव न सांगता पोचवा. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने पौलाला एकदाच नाही, पुन्हापुन्हा मदत पाठवली (फिलिप्पै ४:१६). आधार टिकतो तो अशा नियमितपणामुळे.

## टप्पा ७: आता बोला, लिहा, प्रार्थना करा

आधीचे टप्पे मार्गी लागले असतील तर आता तुमच्या शब्दांना वजन आहे.

‘छान उपदेश झाला’ हे दारात हस्तांदोलन करताना सगळेच म्हणतात. त्यातून पाळकांना काहीच कळत नाही. त्याऐवजी मंगळवारी किंवा बुधवारी दोन ओळी लिहा, आणि त्यात तीन गोष्टी असू द्या: तुम्ही काय ऐकलं किंवा पाहिलं, त्याने तुमच्यात काय हललं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलं. उदाहरणार्थ: ‘क्षमेबद्दल बोलताना तुम्ही म्हणालात की पहिलं पाऊल लहान असलं तरी चालेल. मी गुरुवारी भावाला फोन केला. बोलणं दोनच मिनिटं झालं, पण झालं.’ असं पत्र पाळक जपून ठेवतात आणि वाईट दिवशी काढून वाचतात.

काय टाळायचं:

- कौतुकाला ‘पण’ जोडणं. सुचवायचं असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्रात.
- कौतुकाला विनंती जोडणं. दाखला हवा असेल तर दाखलाच मागा.
- आधीच्या पाळकांशी तुलना, चांगल्या अर्थानेसुद्धा. ‘तुम्ही त्यांच्यापेक्षा बरे’ हे ऐकणाऱ्याला उद्याची भीती दिसते.
- फक्त उपदेशाचं कौतुक. रात्री दोन वाजता रुग्णालयात येऊन बसलेल्या माणसाला त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

प्रार्थनेतही नेमकेपणा हवा. इफिस ६:१९ मध्ये पौल स्वतःसाठी काय मागायचं ते सांगतो: तोंड उघडीन तेव्हा बोलायला शब्द मिळावेत. टप्पा ३ मध्ये पाळकांनी जे सांगितलं तेच मागा. एक विशिष्ट जातीची प्रार्थना मात्र टाळा, जिच्यात देवाचं नाव घेऊन पाळकांना बोलणी दिली जातात: ‘हे प्रभू, आमच्या पाळकांना वेळ पाळायची बुद्धी दे.’ अशी प्रार्थना पाळक डोळे मिटून ऐकतात आणि पुढच्या आठवड्यात त्या बैठकीला यायचं टाळतात.

सत्कार किंवा पाळक-दिन करायचाच असेल तर तो आता करा. बेत साधा ठेवा आणि त्याची तयारी पाळकांवर पडू देऊ नका. स्वतःच्याच सत्कारासाठी खुर्च्या लावणारे पाळक विरळ नाहीत.

## टप्पा ८: घरची माणसं

थोडक्यात. पाळकीणबाई या बिनपगारी कर्मचारी नाहीत. महिला मंडळ, संडे स्कूल, पाहुणचार यांत त्यांनी भाग घ्यायचा की नाही हे त्या ठरवतील. पाळक स्त्री असेल तर तिच्या नवऱ्यालाही हाच नियम. मुलांना ‘पाळकांची मुलं असून असं?’ हे वाक्य ऐकवायचं नाही, आणि मुलांच्या तोंडून घरातली बातमी काढायची नाही. घरच्यांशी मैत्री करायची असेल तर चर्चचा विषय न काढता तासभर गप्पा मारता येतात का ते बघा.

## टप्पा ९: पाळक खचले तर

चिडचिड वाढणं, लोकांना टाळणं, तयारी न करता व्यासपीठावर जाणं, झोप उडणं, ‘माझा काही उपयोग नाही’ असं वारंवार म्हणणं. असं काही आठवड्यांपर्यंत दिसलं तर थांबू नका, पण निदानही करू नका. ते डॉक्टरांचं काम.

१ राजे १९ चा क्रम इथे फार उपयोगी पडतो. रतामाच्या झुडपाखाली खचलेल्या एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं. त्याला उपदेश मिळाला नाही. तो झोपला, त्याला खायला मिळालं, पुन्हा झोपला, पुन्हा खायला मिळालं. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न होरेब डोंगरावर पोचल्यावर आला. तेव्हा:

१. आधी आराम. पुढचे दोन रविवार तरी मोकळे करा, पगार न कापता.

२. मग डॉक्टर किंवा प्रशिक्षित समुपदेशक, शक्यतो मंडळीबाहेरचे. खर्च मंडळीचा, नावाचा गाजावाजा नाही.

३. मग, त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा, ऐकणारा एक माणूस. गर्दीने भेटायला जाऊ नका.

४. कामाची चर्चा सगळ्यांत शेवटी.

जीव नकोसा झाल्याचं त्यांनी बोलून दाखवलं तर क्षणभरही एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. ‘विश्वास कमी पडतोय’ असं म्हणणाऱ्याला त्या घरापासून दूर ठेवा.

मंडळीत जाहीर करायला एवढं पुरे: ‘पाळकसाहेब विश्रांतीसाठी काही आठवडे रजेवर आहेत. या काळात अमुक व्यक्तीशी संपर्क साधावा.’ कारण सांगायची गरज नाही.

## टप्पा १०: दर तीन महिन्यांनी

गटाने पाळकांसोबत अर्धा तास बसावं. तीनच गोष्टी बघाव्यात: उतरवलेली कामं उतरलेलीच आहेत का, सुट्टीचे दिवस खरंच मिळाले का, आणि मागच्या वेळी दिलेल्या शब्दांपैकी काय राहिलं. उत्तर समाधानकारक नसेल तर नवीन काही सुरू करू नका. मागचं पुरं करा.

नव्या पाळकांचे पहिले तीन महिने आणि जाणाऱ्या पाळकांचे शेवटचे तीन महिने यांकडे जास्त लक्ष द्या. येणाऱ्यांना मंडळीतल्या जुन्या भांडणांची यादी पहिल्याच आठवड्यात ऐकवू नका. जाणाऱ्यांचा थकलेला पगार, प्रवासखर्च आणि सामान हलवायचा खर्च निरोपाच्या आधी चुकता करा.

वर्ष संपल्यावर गट बदला, पण सगळे एकदम नको. एक-दोन जुने राहू द्या. नव्यांना कामांची यादी, दुरुस्तीच्या तारखा, पगाराच्या आढाव्याचा महिना आणि बदली उपदेशकांचे नंबर सोपवा. पाळकांनी खासगीत सांगितलेलं ज्या कागदांवर टिपलं होतं, ते मात्र सोपवू नका. ते फाडून टाका, आणि फाडल्याचं पाळकांना सांगा.